कडुलिंबावरची दुसरी तार

अमरावतीच्या ज्या दुकानात मी नोकरीला होते, तिथं कॉम्प्युटर विकायचे, दुरुस्त करायचे आणि ऑफिसांत नेटवर्कच्या तारा ओढून द्यायचे. आम्ही चौघं होतो. नागपूरला तीन महिने राहून स्विचचा कोर्स केलेली मी एकटीच. साहेबांनी माझं प्रमाणपत्र काउंटरच्या मागं फ्रेम करून लावलं होतं आणि गिऱ्हाईक आलं की त्याकडं बोट दाखवायचे. मला मात्र वर्षभर प्रिंटरची शाई बदलायलाच पाठवत होते.

मग एका मे महिन्यात अकोल्याहून फोन आला. एका संस्थेची माती तपासणीची प्रयोगशाळा होती. तिथलं नेटवर्क दिवसाआड बंद पडत होतं. त्यांनी दोन नवे मॅनेज्ड स्विच, म्हणजे ज्यांना हुकूम देता येतात असे, विकत घेऊन ठेवले होते, पण ते लावून देणारा माणूस मिळत नव्हता. साहेबांनी फोन ठेवला, फ्रेमकडं पाहिलं आणि म्हणाले, "तू जाय."

"एकटी?"

"मंग का वरात पाठवू तुह्यासंगं? लॅपटॉप घे, डबा घे, सकायच्या गाडीनं जाय."

दुकानाचा लॅपटॉप म्हणजे दगडी पाटाच होता. तो, पाण्याची बाटली आणि डबा एका पिशवीत कोंबले. मोर्शीहून आईचा फोन आला तेव्हा तिला नेटवर्कबद्दल काही विचारायचं नव्हतं. "कांदा घेतला का पिशवीत? अकोल्याचं ऊन आहे ते." मी कांदाही घेतला. बडनेरा, मूर्तिजापूर करत एसटी अकोल्याला पोचली तेव्हा साडेदहाच वाजले होते, पण डांबर चपलेला चिकटायला लागलं होतं.

ते दिवस आमच्या भागात बरे नव्हते. सकाळचा पेपर कित्येक लोक मागच्या पानापासून उघडायचे, कारण पहिल्या पानावर काय असेल ते ठाऊक असायचं. पण त्याच दिवसांत माणसं काहीतरी नवं करून बघायलाही निघाली होती. प्रयोगशाळेच्या आवारात पाय ठेवला तर कडुलिंबाखाली तीस-चाळीस जण बसलेले. प्रत्येकाजवळ कापडी पिशवीत शेतातली माती. कोणी द्यायला आलेलं, कोणी आधी दिलेल्या मातीची पत्रिका न्यायला. त्या पत्रिकेवर जमिनीत काय आहे, काय कमी आहे आणि कोणतं खत टाकू नये हे छापून मिळायचं. त्या दिवशी मात्र छापत काहीच नव्हतं.

आवाराच्या एका बाजूला ऑफिस, दुसऱ्या बाजूला प्रयोगशाळा, मधे कडुलिंब आणि साठ-सत्तर पावलांचं ऊन. मशीनवर माती तपासायची तिकडं, आकडे तारेतून यायचे इकडं, आणि पत्रिका छापायची इकडं. प्रयोगशाळेच्या प्रमुख एक मॅडम होत्या, पुण्याकडच्या, पन्नाशीच्या, अगदी हळू बोलणाऱ्या. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "मला यातलं कळत नाही, पण एवढं कळतं. दोन इमारतींमध्ये दोन केबल आहेत. एक लावली की चालतं. दोन्ही लावल्या की सगळं बंद. मग दुसरी ओढली कशाला?"

"गिलहरी, मॅडम," दारातून आवाज आला.

दारात साठीचे एक गृहस्थ उभे होते. पांढरी दाढी, शर्टाच्या खिशात टेस्टर आणि निळं पेन. संस्थेचे वायरमन. सगळे त्यांना चाचा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. खारी पहिली तार कुरतडायच्या, म्हणून चाचांनी दुसरी तार कडुलिंबाच्या फांद्यांवरून नेली होती. पहिली तुटली की शिपाई पळत जाऊन दुसरी लावायचे. कधी ते पहिली काढायला विसरायचे. कधी रिकामं भोक दिसलं म्हणून कोणीतरी मोकळी तार नीट खोचून ठेवायचं. दोन्ही तारा लागल्या की पाच मिनिटांत सगळे कॉम्प्युटर गप्प.

"असं काहून होते बेटा?" चाचांनी मला विचारलं. "बिजली तो है दोनों में."

मी सांगितलं, की एखाद्या कॉम्प्युटरला प्रिंटर सापडत नसला की तो सगळ्यांना ओरडून विचारतो. स्विचचं काम एवढंच की तो ओरडा पुढं पाठवायचा. तार एक असेल तर तो दुसऱ्या टोकाला जाऊन संपतो. तारा दोन असतील तर तो एकीनं जातो, दुसरीनं परत येतो, पुन्हा पहिलीनं जातो. थांबतच नाही. असे हजारो ओरडे फिरायला लागले की कामाच्या गोष्टीला वाटच उरत नाही. "नवीन स्विचमधी एक सोय आहे. स्पॅनिंग ट्री म्हणतात. दोन्ही तारा लावून ठेवायच्या. स्विच आपसात बोलतात, एक वाट चालू ठेवतात, दुसरी झाकून ठेवतात. पहिली तुटली की दुसरी खोलतात."

चाचांनी दाढी कुरवाळली. मग म्हणाले, "अरे, ये तो चेंजओव्हर है!"

त्या काळात अकोल्यात रोज कितीतरी तास वीज जायची. प्रत्येक ऑफिसात जनरेटर होता आणि त्याच्याजवळ भिंतीवर ते हँडल. वर केलं की सरकारी वीज, खाली केलं की जनरेटर, दोन्ही एकदम कधीच नाही. तीन महिन्यांच्या कोर्समध्ये आमच्या सरांना जे नीट सांगता आलं नव्हतं ते चाचांनी एका शब्दात सांगितलं.

"व्हय चाचा. पण हँडल कोणी ओढाचं नाही. ते आपोआप पडते."

"आपोआप?" चाचांनी मॅडमकडं पाहिलं. त्यांचा विश्वास बसला नव्हता. "पाहू ना बावा. हात कंगन को आरसी क्या."

आमचं हे बोलणं बहुधा जरा चढ्या आवाजात झालं असावं, कारण मॅडम काळजीनं म्हणाल्या, "तुम्ही दोघं भांडताय का?"

आम्ही भांडत नव्हतो. आमचं चांगलं जमलं होतं.

जेवणाआधी चाचांनी नवे स्विच दोन्ही इमारतींत बसवून दिले. काम एवढं नेटकं, की मला हात लावायची गरज पडली नाही. सुरुवातीला एकच तार लावली, दुसरी मोकळी ठेवली. मी ऑफिसातल्या कूलरपुढं बसले आणि तिथूनच पलीकडच्या स्विचला हुकूम द्यायला लागले. उन्हात कोण जातं? दुकानात साहेबांनी मला एक सवय लावली होती, की प्रत्येक बदल केला की लगेच सेव्ह करायचा, वीज कधी जाईल सांगता येत नाही. मी तसंच करत होते. वापरात नसलेली भोकं एकेक करून बंद करत होते. बावीस बंद, सेव्ह. तेवीस बंद, सेव्ह.

चोवीस बंद करायचं होतं आणि तेवीस ठेवायचं होतं. ऑफिसाकडून गेलेली तार पलीकडं तेवीसमध्येच होती.

बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालवतात म्हणतात, ती मी चालवली आणि वर सेव्हही केली. पडद्यावरची अक्षरं थांबली. मी आणखी दोनदा बटण दाबलं. काही नाही. पलीकडच्या स्विचचं दार मी बाहेरून लावलं होतं आणि किल्ली आत राहिली होती.

लॅपटॉप छातीशी धरून मी आवारातून पळाले. कडुलिंबाखाली बसलेली एक आजी मोठ्यानं म्हणाली, "कोन मांगं लागलं वं माय?" सगळे हसले. मलाही हसू आलं, पण रडूही जवळच होतं.

चाचा माझ्या मागून चालत आले. त्यांनी वायरमनचा पहिला उपाय सांगितला, "बंद करके चालू करो." तो उपाय खरोखर चालला असता. मी सेव्ह केलं नसतं तर स्विच बंद-चालू करताच माझी चूक विसरला असता. आता तो काही विसरणार नव्हता. एकच मार्ग होता. लॅपटॉप एका खास तारेनं थेट स्विचच्या पाठीला जोडायचा, म्हणजे नेटवर्कशिवाय त्याच्याशी बोलता येतं. तिला कन्सोल केबल म्हणतात. माझी केबल अमरावतीला, माझ्या टेबलाच्या खणात होती.

"नव्या खोक्यात येते एक," मी म्हटलं. "चपटी, निळी."

खोकी आणली. त्यात तारेचं टोक लॅपटॉपला जोडायचं टोपण होतं, पुस्तक होतं, स्क्रू होते. तार नव्हती. मी शिपायांना विचारलं. ते भले गृहस्थ होते, घाबरले.

"ते निळी चपटी? ते तं म्या मातीच्या पिशव्या लटकवाले घेतली. लय मजबूत आहे."

आम्ही बघायला गेलो. नमुन्यांच्या खोलीत भिंतीवर एका रांगेत खिळे, आणि प्रत्येक खिळ्याला वीतभर निळ्या तारेनं बांधलेली मातीची पिशवी. दोन्ही खोक्यांतल्या दोन्ही तारा सारख्या मापानं कापलेल्या. इतकं सुबक काम होतं की रागावताही येईना. चाचा मात्र भिंतीला टेकून हसत सुटले.

हसणं थांबल्यावर त्यांनी मला विचारलं, "तार में क्या होता है वो? अंदर?"

मी कागदावर काढून दाखवलं. आत आठ धागे असतात. साध्या नेटवर्कच्या तारेत दोन्ही टोकांना रंगांचा क्रम सारखा ठेवतात. या तारेत एका टोकाचा क्रम दुसऱ्या टोकाला बरोबर उलटा करायचा. पहिला धागा आठवा, आठवा धागा पहिला.

"उलटा?" चाचांनी चष्मा काढला. "तीस साल से सीधा जोड़ता आया मैं. लाल को लाल, काला को काला. कोणी उलटं जोडलं तं थोबाडलं मी त्याले. आता तू म्हणून राहिली उलटं जोड."

"एक खेप, चाचा."

ते खाली मांडी घालून बसले. तारेचा दीड हात तुकडा कापला, साल काढली, धागे बोटांनी सरळ केले आणि पुटपुटायला लागले, "नारंगी-सफेद, नारंगी, हरा-सफेद, नीला..." एक टोक झालं. दुसऱ्या टोकाला ते प्रत्येक रंगाशी थांबत होते. जणू बोटांना पटवावं लागत होतं. मी कागद धरून उलटा क्रम वाचत होते. पक्कड दाबल्याचा 'कट्' असा आवाज झाला आणि त्यांनी तार माझ्या हातात दिली. "ले. गुनाह तेरे सर पे."

तार पहिल्याच झटक्यात लागली. पडद्यावर अक्षरं आली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी तेवीस उघडलं, सेव्ह केलं, आणि त्यानंतर आजतागायत दुरून कोणतंही भोक बंद करायच्या आधी आकडा मोठ्यानं म्हणते. ऑफिसात लोकांना ते विचित्र वाटतं.

आम्ही तिथंच जेवलो. माझ्या डब्यात पोळी आणि ठेचा, चाचांच्या डब्यात वांग्याची भाजी. मॅडमनी काकडी चिरून आणली. त्यांनी पिशवीतला कांदा पाहिला आणि तोही चिरू का म्हणून विचारलं. तो खायचा नसून उन्हापासून वाचवायला जवळ ठेवायचा आहे, हे त्यांना समजावता समजावता आमची अर्धी सुट्टी गेली. शेवटी चाचांनीच तो बुक्कीनं फोडला आणि म्हणाले, "जेवणात बी बचाता है."

जेवणानंतर खरं काम सुरू झालं. दोन्ही नव्या स्विचवर स्पॅनिंग ट्री चालू केलं आणि चाचांना म्हटलं, दुसरी तार लावा. मोकळं टोक होतं प्रयोगशाळेकडं. त्यांनी बिस्मिल्ला म्हणून ते लावलं. आम्ही सगळे कॉम्प्युटरकडं बघत बसलो. एक मिनिट गेलं, पाच गेली, दहा गेली. काहीही बंद पडलं नाही. मॅडमनी टाळी वाजवली.

मग पहिली पत्रिका छापायला दिली. ती यायला चार मिनिटं लागली. दुसरीला पाच. बाहेर लोक कडुलिंबाच्या सावलीसोबत सरकत होते.

"हे आधीपेक्षा हळू झालं ना?" मॅडमनी अगदी हळू विचारलं. तो प्रश्न मला थोबाडीत मारल्यासारखा लागला.

मी पडद्यावर बघत बसले. स्पॅनिंग ट्रीमध्ये सगळे स्विच आधी आपला एक मुखिया निवडतात. मग प्रत्येक जण मुखियाकडं जायची जवळची वाट चालू ठेवतो आणि उरलेली झाकतो. मुखिया कोण ते पडद्यावर दिसतं. तिथं जो पत्ता दिसत होता तो माझ्या दोन स्विचपैकी कोणाचाच नव्हता.

"चाचा, आणखी एक डब्बा आहे का कुठी?"

"नाही."

"तार लावली ते कोणत्या भोकात लावली?"

"भिंतीतल्या. जिथं पहले से जाती थी."

भिंतीतल्या भोकाच्या मागं काय आहे ते चाचांनाही ठाऊक नव्हतं. ते काम त्यांच्या आधीच्या माणसाचं. शिपाई दारात उभे होते. निळ्या तारेच्या प्रकारानंतर ते बोलायला जरा कचरत होते. मग हळूच म्हणाले, "भंडारघरात घरघर करते, ते का?"

भंडारघरात रिकाम्या पोत्यांच्या थप्पीमागं, फळीवर एक अवजड जुना स्विच सुरू होता. त्याचा पंखा घरघर करत होता. बाहेरच्या कोणीतरी कधीकाळी तो प्रयोगशाळेला देऊन टाकला असावा. तीन मशीनच्या तारा त्याच्यात होत्या, नव्या स्विचची एक होती, आणि आता कडुलिंबावरची दुसरी तारही भिंतीतून त्याच्यातच येऊन लागली होती.

मी पोत्यांवर बसून घेतलं. सगळं उलगडलं होतं. कोणी काही सांगितलं नाही तर स्विच मुखिया कसा निवडतात? ज्याचा जन्माचा, म्हणजे कारखान्यातच मिळालेला, क्रमांक लहान, तो मुखिया. आणि लहान क्रमांक बहुतेक जुन्या डब्याचाच असतो. माझ्या दोन नव्या, चपळ स्विचनी मान तुकवून भंडारघरातल्या म्हाताऱ्याला निवडून दिलं होतं. मुखियाकडं जायची वाट हवी म्हणून दोघांमधली थेट पहिली तार त्यांनी झाकून ठेवली, आणि सगळी रहदारी या डुगडुगत्या डब्यातून सुरू केली.

चाचांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, "अपने यहाँ का इलेक्शन है ये तो. काम करनारा नाही, पुराना पाहून निवडतेत."

शिपाई म्हणाले, "मंग आता का? अविश्वास ठराव आणता का?"

तसंच काहीसं. स्विचला एक प्राधान्याचा आकडा देता येतो. आकडा जितका लहान तितका मान मोठा. जन्माचा क्रमांक त्याच्यानंतर बघतात. मी ऑफिसातल्या नव्या स्विचला सगळ्यांत लहान आकडा दिला, प्रयोगशाळेतल्या नव्याला त्याच्यानंतरचा. म्हाताऱ्याला हात लावला नाही. त्याची तीन मशीनं त्याच्याकडंच ठेवली. हुकूम दिला तेव्हा चाचा माझ्या खांद्यावरून पडद्यात वाकून पाहत होते. मिनिटभरानं मुखियाच्या जागी ऑफिसच्या स्विचचा पत्ता आला. पुढची पत्रिका आठ सेकंदांत छापली. मॅडमनी घड्याळ लावून मोजलं.

मी लॅपटॉप मिटला. चाचांनी तो परत उघडला.

"अभी कहाँ? आपोआप पडते म्हणे ना हँडल?"

त्यांना खरी परीक्षा हवी होती. छपाई सुरू असताना तार ओढायची. मॅडम म्हणाल्या, आज राहू द्या, आत्ता कुठं चालू झालंय. खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. पण चाचांनी उलटी तार बनवून दिली होती. त्यांना नाही कसं म्हणणार?

पत्रिकांची छपाई लावली. मला 'कोन मांगं लागलं' विचारणाऱ्या आजी तेव्हा ऑफिसच्या खिडकीशी उभ्या होत्या. त्यांची पत्रिका पुढची होती. चाचा पहिल्या तारेजवळ गेले, माझ्याकडं पाहिलं आणि तार उपटली.

छपाई थांबली.

मी आधीच सांगितलं होतं की वेळ लागेल. वाट तुटली आहे याची स्विच आधी खात्री करतात, मग झाकलेली वाट उघडायच्या आधी तिथं फेरा होत नाही ना हे बघतात, मग कोण कुठं बसलंय ते शिकतात. जुन्या डब्याला यातली नवी, झटपट पद्धत येत नव्हती. पन्नास सेकंदांपर्यंत लागू शकतात. वर्गात सर हे सांगत होते तेव्हा पन्नास सेकंद म्हणजे काहीच वाटले नव्हते.

दहा झाले. कूलरचं पाणी टपटपत होतं. वीस झाले. शिपायांनी सवयीनं पळायची तयारी केली, चाचांनी त्यांचा दंड धरला. तीस. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या, म्हणजे मुद्दाम माझ्याकडं बघत नव्हत्या. चाळीस. आजी म्हणाल्या, "बंद पडलं का वं पुन्ना?" माझ्या मनात एकच होतं, की साहेब प्रमाणपत्र भिंतीवरून काढतील.

पंचेचाळीसच्या पुढं मी मोजायचं विसरले. प्रिंटर एकदा खाकरला, आणि कागद आत ओढायला लागला.

चाचा उपटलेल्या तारेचं टोक हातात धरून तसेच उभे राहिले. मग त्यांनी ते टोक माझ्यासमोर तलवारीसारखं उंच धरलं आणि ओरडले, "चल गया! बिना हाथ लगाए!" बाहेरचे लोक काय झालं म्हणून खिडकीशी गोळा झाले. शिपाई त्यांना सांगत होते, की तार तुटली तरी काम चालू आहे, आणि त्यांना ते कळत नव्हतं, पण काहीतरी चांगलं झालंय हे कळत होतं.

आजींची पत्रिका निघाली. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून मॅडमनी बाहेर येऊन वाचून दाखवली. तुमच्या वावरात अमुक भरपूर आहे, तमुक खत यंदा घेऊ नका, कपाशीत तुरीची ओळ धरा. आजींनी तीनदा विचारून घेतलं, "नोका घेऊ म्हनता ना? नक्की ना?" आणि पत्रिका चौघडी करून कनवटीला लावली. जाताना माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "आता नोको पयू."

साडेपाचला चाचांनी मला स्कूटरवर स्टँडवर सोडलं. उलटी तार त्यांनी गुंडाळून माझ्या पिशवीत टाकली. अमरावतीला उतरले आणि आधी गाड्यावर दोन प्लेट दह्यातला गिला वडा खाल्ला, एकटीनंच. दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, तेवीस-चोवीसची गोष्ट सोडून. ती मी गाळली होती. मग म्हणाले, "प्रिंटरची शाई आता दुसरा कोनी बदलन."

पावसाळा सरता सरता चाचांचा फोन आला. आवाजात तक्रार होती. "बेटा, तार टूट गई थी."

"केव्हा? बंद पडलं का?"

"वही तो! केव्हा तुटली कोणालेच मालूम नाही. मी आज शिडी लावून पाहिली तं कुरतडलेली. गिलहरीनं दोन-तीन हप्ते पहलेच खाल्ली असन. कोणी आवाज दिला नाही मले. पहले रोज चाचा-चाचा करत होते." आणि स्वतःच हसायला लागले. मग आम्ही ठरवलं, की महिन्यातून एकदा दोन्ही तारा ओढून बघायच्या, आणि ते काम चाचांचंच. कितीही आपोआप असलं तरी कोणीतरी शिडी लावायला हवी, हे मी त्यानंतर प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आले.

त्या हिवाळ्यात मी बाबांच्या मागं लागले. आमच्या बागेतली संत्र्याची झाडं पिवळी पडत होती. बाबा जो भेटेल त्याला विचारून जे सांगेल ते टाकत होते. माती तपासू म्हटलं तर म्हणायचे, "मातीले का ताप आला का, तपासाले?" शेवटी मी म्हटलं, माती राहू द्या, मी केलेलं काम तरी बघायला चला. त्यावर ते लगेच निघाले, आणि निघताना कोणाला न दिसेल अशी एक कापडी पिशवी बरोबर घेतली.

प्रयोगशाळेत त्यांनी स्विच दोन मिनिटं पाहिला. "एवढंसं?" म्हणाले. मग चाचांशी त्यांची गाठ पडली आणि दोघं कडुलिंबाखाली जे बसले ते दोन तास उठले नाहीत. चाचांनी त्यांना स्पॅनिंग ट्रीची आणि उलट्या तारेची गोष्ट सांगितली. तेवीस-चोवीसचीही सांगितली. बाबांनी चाचांना संत्र्याच्या कलमांबद्दल सांगितलं, ज्याचा चाचांना काडीचा उपयोग नव्हता, तरी त्यांनी निळ्या पेनानं तळहातावर काहीतरी लिहून घेतलं.

मातीची पत्रिका आठवड्यानं मिळते. ती आणायला बाबा एकटेच गेले, मला न सांगता. परतीच्या एसटीत त्यांनी ती उघडली. जस्त कमी, चुना जास्त, युरिया निम्म्यावर आणा. बाबांना मोठ्यानं वाचायची सवय. शेजारच्या माणसानं विचारलं, हे काय आहे. पुढच्या बाकावरचा मागं वळला. मूर्तिजापूर येईपर्यंत कंडक्टरही तिकिटं फाडायचं सोडून ऐकत होता, कारण त्याचंही चार एकर वावर होतं. बाबा सांगत होते, की माती कुठून घ्यायची, किती खोल खणायचं, पिशवी कापडीच पाहिजे. कोणीतरी विचारलं, "पन तिथं लाइन किती लागते?"

"लाइन?" बाबा म्हणाले. "आता नाही लागत. माह्या पोरीनं काहीतरी झाड लावलं तिथं."